डोळे नाहीत म्हणून नवी प्रजाती?

अमेरिकेत लिटल टेनेसी नदीत १९७३ मध्ये बोटभर लांबीचा एक मासा सापडला. गोगलगायी खातो म्हणून त्याला ‘स्नेल डार्टर’ म्हणू लागले. १९७६ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन छापून आलं आणि १९७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्यावर बोट ठेवून त्याच्यापायी टेलिको धरणाचं जवळजवळ संपलेलं काम रोखून धरलं. (पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने धरणाला त्या कायद्यातून सूट दिली आणि पाणी अडलंच, तो भाग वेगळा.) २०२५च्या जानेवारीत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की हा मासा वेगळी प्रजाती नाहीच, आधीच नाव मिळालेल्या दुसऱ्या एका डार्टरची ती पूर्वेकडची वस्ती आहे. झालं. एक बाजू म्हणते, बघा, धरण अडवायला प्रजाती पैदा करतात. दुसरी म्हणते, शास्त्राच्या नावाखाली माशांचा आधार काढून घेतला जातोय. हा वाद नदीतल्या माशावरून सुरू झाला असला तरी तो सगळ्यात जड जाणार आहे तो गुहांतल्या आंधळ्या माशांना.

कारण या माशांचं सगळंच टोकाचं. एखादी प्रजाती एकाच गुहेत, कधी गुहेतल्या दोन-चार डोहांत. दिसतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जगात दोनशेहून अधिक प्रजातींची नोंद झाली आहे आणि दरवर्षी त्यांत भर पडते. वर चुनखडी असते, आणि चुनखडी असली की खाण आली, सिमेंट आलं. म्हणजे नवा आंधळा मासा सापडला की शोधाचं कौतुक संपायच्या आत प्रश्न उभा राहतो : हा खरंच नवा आहे, की कुणाला तो नवा असायला हवा आहे?

माझं म्हणणं आधीच सांगतो. या माशांचं वर्णन व्हायला हवं, नाव द्यायला हवं, आणि तेही नमुना हाती घेऊन. पण नाव हा एक दावा असतो. उद्या नवा पुरावा आला तर तो मोडण्याची सोय त्यात हवी. आणि एवढ्याशा दाव्याच्या खुंटीवर गुहेच्या संरक्षणाचं सगळं ओझं टांगायचं, ही चूक दोन्ही बाजू सारख्याच उत्साहाने करत आहेत.

शंका घेणाऱ्यांच्या हातात एक हुकमी उदाहरण आहे आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मेक्सिकोत सिएरा दे एल आब्रा नावाच्या डोंगररांगेत आणि तिच्या आसपास सुमारे तीस गुहांमध्ये एक फिकट गुलाबी, बिनडोळ्यांचा मासा राहतो. घरगुती मत्स्यालयांत ‘ब्लाइंड केव्ह टेट्रा’ म्हणून विकला जातो तोच. १९३६ मध्ये त्याचं वर्णन झालं तेव्हा त्याला नुसती नवी प्रजाती नव्हे, नवा वंशच (म्हणजे जवळच्या प्रजातींचा अख्खा गट) बहाल केला गेला : ॲनोप्टिक्थिस. पुढे १९४६ आणि १९४७ मध्ये आणखी दोन गुहांतल्या माशांना त्याच वंशात दोन वेगळी नावं मिळाली. तीन गुहा, तीन प्रजाती. मग कुणीतरी हे मासे बाहेरच्या ओढ्यांतल्या चांगल्या डोळस, चंदेरी ॲस्टियानॅक्स माशांबरोबर ठेवले. त्यांची पिल्लं झाली, आणि त्या पिल्लांनाही पिल्लं झाली. वंश कोसळला. आज प्रयोगशाळांत या गुहामाशाला बहुतेक जण बाहेरच्या माशाच्याच प्रजातीत धरतात; काही तज्ज्ञ अजूनही त्याला वेगळं नाव देतात. म्हणजे नव्वद वर्षं अभ्यास झालेल्या, जगातल्या सगळ्यात ओळखीच्या आंधळ्या माशाचीही ही गत.

चूक कुठे झाली? डोळ्यांवर भिस्त ठेवली, तिथे. या माशाचं अंडं पाहिलं तर पहिल्याच दिवशी भ्रूणाला डोळा फुटायला लागलेला दिसतो. भिंग तयार होतं. मग त्या भिंगातल्या पेशी एकामागून एक मरू लागतात, वाढ खुंटते, डोळा आत खचत जातो आणि वरून कातडी येते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डोळस माशाच्या भ्रूणातलं भिंग काढून गुहामाशाच्या भ्रूणात फक्त एका बाजूला बसवलं. त्या बाजूला डोळा वाढला. दुसरी बाजू कातडीने झाकलेली ती झाकलेलीच. एकाच माशाचा एक गाल आंधळा आणि एक डोळस! यंत्रणा मेलेली नसते, तिला सुरू ठेवणारा इशारा बंद पडलेला असतो.

त्याहून मजेशीर प्रयोग २००८ चा. एकमेकांपासून लांब असलेल्या दोन गुहांमधले मासे घेतले, दोघेही पिढ्यान्‌पिढ्यांचे आंधळे, आणि त्यांचा संकर केला. काही पिल्लांना दिसू लागलं. कारण दोन्ही गुहांत डोळे गेले होते, पण वेगवेगळ्या जनुकांतल्या बिघाडाने. एकाचा बिघाड दुसऱ्याच्या शाबूत जनुकाने भरून निघाला. डार्विनने १८५९ मध्ये गुहेतल्या प्राण्यांचं आंधळेपण वापर नसण्याच्या खात्यावर टाकलं होतं. आता त्यात खर्चाचाही हिशेब आलाय : लहान वयाच्या माशात डोळा आणि मेंदूचा दृष्टीचा भाग मिळून विश्रांतीतल्या ऊर्जेचा सुमारे १५ टक्क्यांपर्यंत वाटा खातात, असं २०१५ चं मोजमाप सांगतं. जिथे अन्न म्हणजे वरून वाहून आलेला पालापाचोळा आणि वटवाघळांची विष्ठा, तिथे ही उधळपट्टी कोण करील? कारण काहीही असो, वर्गीकरणासाठी धडा एकच. डोळे नसणं माशाचा पत्ता सांगतं, कूळ सांगत नाही.

म्हणून ‘बिनडोळ्यांचा, रंगहीन मासा सापडला, अर्थात नवी प्रजाती’ अशी बातमी वाचली की माझ्याही कपाळाला आठी पडते. इथपर्यंत मी शंकेखोरांच्या बाजूने आहे.

पण ते इथे थांबत नाहीत. त्यांचं पुढचं पाऊल असतं की आंधळेपण फसवं आहे, तेव्हा या नव्या प्रजाती बहुतेक फुगवलेल्याच असणार. घोडं पेंड खातं ते इथे. फसवा निकष दोन्ही दिशांना फसवतो. सारखं दिसणं म्हणजे सारखं असणं, हेही तितकंच खोटं.

इराणच्या झाग्रोस पर्वतातली एक गुहा घ्या. तिथल्या आंधळ्या माशाला १९४४ मध्ये नाव मिळालं. पुढे लक्षात आलं की काही माशांच्या हनुवटीखाली चिकटून राहायची एक चकती आहे, काहींच्या नाही. कितीतरी वर्षं हा एकाच प्रजातीतला किरकोळ फरक समजला गेला. माणसांत नाही का, कुणाच्या गालाला खळी पडते, कुणाच्या नाही. डीएनए तपासल्यावर कळलं की एकाच डोहात, एकमेकांना घासून पोहणारे हे दोन मासे एकमेकांत मिसळतच नाहीत. २०१६ मध्ये चकतीवाल्याला गारा लोरेस्तानेन्सिस हे वेगळं नाव मिळालं. त्याच पाण्यात लोच नावाचा आणखी एक आंधळा मासाही आहे. म्हणजे ज्या गुहेत एक मासा आहे असं वाटत होतं तिथे तीन निघाले. आता सांगा, इथे शास्त्रज्ञांनी प्रजाती फुगवल्या होत्या की दडपल्या होत्या?

किंवा केंटकीतल्या मॅमथ केव्हचा मासा. गुहामाशांत शास्त्रीय नाव मिळालेला हा सुरुवातीचा, १८४२ मधला. मोठा विलक्षण प्राणी आहे : गुदद्वार गळ्यापाशी असतं आणि मादी अंडी कल्ल्यांच्या पोकळीत सांभाळते. ओहायो नदीच्या उत्तरेला इंडियानात सापडणारे मासेही तेच असं पावणेदोनशे वर्षं धरून चालले होते. २०१४ मध्ये जनुकं आणि शरीरमापं दोन्ही तपासून उत्तरेकडच्या माशाला ॲम्ब्लिऑप्सिस हूझिएरी हे वेगळं नाव दिलं गेलं. गंमत अशी की दोघांनाही दिसत नाही, पण प्रकाश टिपणाऱ्या ऱ्होडॉप्सिन प्रथिनाचं जनुक दक्षिणेच्या माशात निकामी झालंय आणि उत्तरेच्या माशात अजून शाबूत आहे. वरून पाहणाऱ्याला दोन सारखे आंधळे मासे. आतून दोन वेगळे इतिहास. आणि कधी हे इतिहास किती लांब जातात! मादागास्करचा टिफ्लिओट्रिस आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाचा मिलिएरिंगा हे दोन आंधळे मासे एकमेकांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक आहेत, मध्ये अख्खा हिंदी महासागर असताना, असं २०१२ च्या अभ्यासाने दाखवलं. नाव नसतं, वर्णन नसतं, तर हा प्रश्न विचारायचा कुणाबद्दल?

‘वर्णन’ या शब्दाचीही जरा गल्लत होते. लोकांना वाटतं, सापडला, फोटो काढला, बारसं केलं. प्रत्यक्षात हे काम कारकुनाच्या चिकाटीचं आहे. फॉर्मलीनमध्ये ताठ झालेला मासा भिंगाखाली आडवा ठेवायचा. पाठीच्या परात (पोहण्याच्या पंखात) किती अर (आधाराच्या काड्या) आहेत, त्यांतले फाटे फुटलेले किती, हे सुईच्या टोकाने एकेक वेगळं करून मोजायचं. डोक्याची लांबी, शेपटीच्या देठाची जाडी, मिशा, खवल्यांच्या ओळी. मग क्ष-किरणाखाली मणके. आधी कापून अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या परच्या तुकड्यातून डीएनए. मग जवळच्या प्रत्येक नातेवाइकाचे जुने नमुने संग्रहालयांतून मागवून हेच सगळं पुन्हा. शेवटी एका माशाच्या बाटलीवर चिठ्ठी लागते : होलोटाइप, म्हणजे या नावाचा कायमचा साक्षीदार. उद्या कुणाला वाटलं की नाव चुकलंय, तर त्याने त्या बाटलीपाशी जावं आणि सिद्ध करावं. ॲनोप्टिक्थिस कोसळला आणि स्नेल डार्टरवर आज सवाल उभा राहिला, तो याच सोयीमुळे. ज्याला लोक व्यवस्थेचं अपयश म्हणतात ते तिचं कामकाज आहे.

नुसतं माहीत असणं पुरत नाही, याचा दाखला चीनमध्ये आहे. युन्नानमधल्या एका गुहेतल्या पारदर्शक माशाची लेखी नोंद १५४० ची आहे. शास्त्रीय नाव मिळालं ते १९९० च्या दशकात. मधली साडेचारशे वर्षं तो मासा एक नवल म्हणून राहिला. त्याचं कोणाशी नातं, शेजारच्या गुहेत तोच आहे की दुसरा, हे विचारायला जागाच नव्हती. आज त्याच्या सायनोसायक्लोकायलस वंशात सत्तरहून अधिक प्रजाती आहेत, काही टपोऱ्या डोळ्यांच्या, काही अजिबात डोळे नसलेल्या, काहींच्या तर डोक्यावर शिंग. आंधळेपण किती वेळा, कसं येतं हे शिकवणारी एवढी मोठी शाळा दुसरी नाही, आणि ती उघडली नावं पडल्यावर.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप, आणि हा मला पहिल्यापेक्षा जड वाटतो. साक्षीदार म्हणून बाटलीत जाणारा मासा मारावा लागतो. ज्या प्रजातीचे शंभरही मासे नसतील तिचे पाच मारून तिला नाव देणं ही कसली सेवा? ग्रेट ऑक या पक्ष्याची शेवटची जोडी १८४४ मध्ये आइसलँडजवळच्या एल्डी बेटावर मारली गेली ती संग्राहकांना विकण्यासाठी. दुर्मीळ होत गेला तशी त्याची किंमत चढत गेली होती. २०१४ मध्ये काही अभ्यासकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात हाच दाखला देत म्हटलं की नाजूक प्रजातींच्या बाबतीत फोटो, आवाज आणि डीएनएसाठी अंगावरून फिरवलेला कापसाचा बोळा यांवर भागवा. त्यावर शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी सह्या करून उलट उत्तर दिलं. दुसरा धोका पत्त्याचा. चीनमधल्या एका सुंदर पालीचं वर्णन १९९९ मध्ये ठिकाणासकट छापलं आणि विक्रेत्यांनी ती जागा धुऊन नेली. मेक्सिकोच्या आंधळ्या माशाचं पहिलं नावही एका मत्स्यव्यापाऱ्यावरूनच पडलंय, हे विसरू नये.

यातलं पत्त्याचं म्हणणं मी पुरतं मान्य करतो. गुहेचं नेमकं ठिकाण छापायलाच हवं असा हट्ट कशासाठी? ते संग्रहालयाच्या कपाटात राहू द्या, ज्याला कामासाठी हवं त्याने मागावं. पण नमुनाच नको, हे मात्र पटत नाही. ग्रेट ऑक संपवला तो शतकानुशतकं मांसासाठी आणि पिसांसाठी झालेल्या कत्तलीने. संग्राहकांनी फक्त शेवटचा घाव घातला. शिवाय हौशी संग्राहक आणि वर्गीकरण करणारा यांत फरक आहे : पहिल्याला जितके मिळतील तितके हवे असतात, दुसऱ्याचं मोजक्यांवर भागतं. आणि फोटोवर भागवलं तर काय होतं ते मेघालयात दिसलं.

जयंतिया टेकड्यांतल्या क्रेम उम लडाव गुहेत गुहासंशोधकांना चाळीस सेंटिमीटरपेक्षा लांब मासे दिसले. बहुतेक गुहामासे बोटभर असतात, म्हणून हा जगातला सगळ्यात मोठा. २०१९ मध्ये त्याची बातमी आली तेव्हा तो सोनेरी महसीराच्या गोतावळ्यातला, म्हणजे टॉर वंशाजवळचा मानला गेला. नीट तपासणी होऊन २०२३ मध्ये वर्णन आलं तेव्हा तो निघाला दुसऱ्याच वंशातला : निओलिसोकायलस प्नार, तिथल्या प्नार लोकांच्या नावाचा. पहिल्या अंदाजावर नाव ठोकलं असतं तर? चार वर्षं लागली, आणि ती सत्कारणी लागली.

थोडक्यात भागवण्याचा रस्ता केरळने दाखवलाय. तिथल्या जांभ्या दगडाखालच्या भूजलात होराग्लानिस नावाचा रक्तासारखा लाल, इंच-सव्वा इंचाचा मांगूर राहतो. तिथे कुणी उतरू शकत नाही, कारण ती चालत जाता येईल अशी गुहाच नाही. दगडाच्या भेगांमधलं पाणी आहे. मासा दिसतो तो विहीर उपसताना बादलीत, नाहीतर पंपाने टाकीत चढून थेट नळातून. पहिल्या प्रजातीला १९५० मध्ये नाव मिळालं आणि पुढची कितीतरी वर्षं हाती मोजकेच नमुने होते. मग संशोधकांनी सहा वर्षं घरोघरी सांगून ठेवलं : लाल, बिनडोळ्यांचं काही आलं तर फेकू नका, कळवा. लोकांनी कळवलं. त्यातून जनुकीय पुरावा जमला आणि २०२३ मध्ये नवी प्रजाती ओळखली गेली, होराग्लानिस पॉप्युलाय, ‘लोकांची’. जोगेश्वरीतली आंधळी ईल, रक्तामिक्थिस मुंबा, हीसुद्धा विहिरीतच सापडली, आणि ती विहीर होती अंधशाळेच्या आवारातली. तिथे कुणी जाळं घेऊन गुहा उपसली नव्हती. पाणी उपसताना तसाही मरणारा मासा साक्षीदार झाला, तर त्यात पाप कसलं?

राहिला कायद्याचा प्रश्न, जिथून हे सगळं सुरू झालं. कायद्याला यादी लागते आणि यादीला नाव लागतं. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूच्यांतही नावंच आहेत. त्यामुळे गुहा वाचवू पाहणाऱ्याला घाईने नाव हवं असतं आणि खाण चालवणाऱ्याला ते नाव खोडायचं असतं. दोघंही वर्गीकरण करणाऱ्याच्या टेबलाभोवती घिरट्या घालतात. हा भार त्याने उचलावाच का? अमेरिकेच्या कायद्यात पृष्ठवंशी प्राण्यांच्या वेगळ्या पडलेल्या वस्तीलाही, ती प्रजाती नसली तरी, संरक्षण देण्याची तरतूद १९७८ पासून आहे. स्नेल डार्टर उद्या सर्वांनी ‘पूर्वेकडची वस्ती’ मानला तरी हा मार्ग बंद होत नाही. पण वाद घालणाऱ्यांपैकी किती जण हे बोलले?

जर्मनीत २०१५ मध्ये एका गुहा-पाणबुड्याला डॅन्यूबच्या पाण्यावर पोसलेल्या भुयारी प्रवाहात फिकट, बारीक डोळ्यांचा लोच दिसला. युरोपातला पहिला गुहामासा, जगातला सगळ्यात उत्तरेचा. मथळ्यांना आणखी काय हवं? तरी २०१७ मध्ये संशोधकांनी तो जाहीर करताना नव्या प्रजातीचं नाव दिलं नाही. हिमयुगाचा बर्फ ओसरल्यानंतरच तो आत शिरलेला असणार, म्हणजे वीस हजार वर्षांच्या आतला वेगळेपणा. वेगळी वस्ती आहे एवढं म्हणून ते थांबले. मला हा संयम कुठल्याही नव्या नावाइतकाच मोलाचा वाटतो. आणि नाव नाही म्हणून त्या माशाची किंमत कमी झाली का? बदलताना रंगेहाथ सापडलेला मासा म्हणून ती उलट वाढली.

अमेरिकेत अलाबामातल्या ‘की केव्ह’ या गुहेत स्पिओप्लॅटिरायनस पौलसोनी हा आंधळा मासा राहतो. १९७४ मध्ये नाव मिळालं. जगात एवढ्या एकाच गुहेत आहे आणि एका फेरीत दहाच्या वर कुणाला दिसलेला नाही. त्याच्यासाठी १९९७ मध्ये जे राखीव क्षेत्र झालं ते गुहेच्या तोंडाशी दार लावून थांबलं नाही. वरची जमीन घेतली. पावसाचं पाणी ज्या खळग्यांतून खाली झिरपतं ती जमीन, शेतातली खतं आणि औषधं जिथून गुहेत उतरत होती ती. त्याच गुहेत करड्या वटवाघळांची मोठी वसाहत आहे आणि त्यांच्या विष्ठेवर खालची सगळी अन्नसाखळी चालते. उद्या एखाद्या नव्या पुराव्याने पौलसोनीचं नाव बदललं, वंश मोडला, तो दुसऱ्या कुणाची वस्ती ठरला, तरी त्या गवताळ जमिनीवर पडलेला पाऊस त्याच खळग्यातून त्याच डोहात उतरणार आहे, आणि वटवाघळं संध्याकाळी त्याच तोंडातून बाहेर पडणार आहेत.